पुढे पाठवा

मंगळवार, २१ जानेवारी

पहिल्या पानावर नाव लिहायला जागा आहे म्हणून लिहिलं : अंकिता अजिंक्य नलवडे, शुक्रवार पेठ, सोलापूर. ही डायरी ह्यांना मेडिकलमध्ये औषध कंपनीच्या माणसानं दिलेली. तिच्यात लिहून ठेवते, म्हणजे मोडताना लाज वाटेल.

आजपासून मोबाइल बंद. कमी नाही, बंदच, कारण कमी करायचं तीनदा ठरवून झालं आहे. एक महिना. मोबाइलच मला सांगतो की मागच्या आठवड्यात मी रोज सरासरी सात तास दहा मिनिटं त्यात होते. मान दुखते. ऋतुजा तिसरीत गेली, तिच्या वहीवर मी दिवाळीपासून सही केलेली नाही. एवढी कारणं पुरेत.

बंद करून स्टीलच्या डब्यात घातला, डबा कपाटावर ठेवला. हे बघत होते. "बरं केलंस," एवढंच म्हणाले.

पाणी ग्रुपचं काय करायचं ते ठरवलेलं नाही. दोनशे चौदा माणसं आहेत त्यात. पाणी सोडणारे चावीवाले ज्ञानबा मला फोन करतात, मी ग्रुपवर टाकते, मग अख्ख्या गल्लीला कळतं पाणी किती वाजता सुटणार. सात वर्षांत एकदाही वेळ चुकली नाही. अंकितानं टाकलं म्हणजे खरं, असं बायका म्हणतात.

झोपताना ऋतुजानं विचारलं, घोंगडीवाले आजोबा परत येणार का. झोप म्हटलं.

बुधवार, २२ जानेवारी

हात सारखा कमरेशी जातो. भाजी चिरताना मोबाइल थरथरल्यासारखं वाटलं, पाहिलं तर काहीच नाही. दुपारपर्यंत मोजलं, एकोणीस वेळा. मग मोजायचं सोडलं.

पाण्याचं विचारायला चार जणी दारात येऊन गेल्या. ज्ञानबांना ह्यांचा नंबर दिला आहे.

शुक्रवार, २४ जानेवारी

मान दुखते म्हणून मोबाइल ठेवला, असं लिहिलं आहे वर. वाचून बघितलं. खोटं नाही, पण तेवढंच नाही.

मागच्या गुरुवारी, सोळा तारखेला, शाळा सुटायच्या वेळेला मला थोडा उशीर झाला. फाटकापाशी सगळी मुलं गेलेली. ऋतुजा एकटी, आणि तिच्यासमोर एक माणूस वाकून बोलत होता. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगड्यांची चळत. इथं जानेवारीत भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेला येतात तसले विकायला. मी गाडी तशीच लावली, पोरीचा हात धरून ओढलं. तो काहीतरी म्हणाला, मी ऐकलं नाही. दहा पावलांवर जाऊन वळले आणि फोटो काढला.

लिहिलं : "हा माणूस शाळेबाहेर मुलींशी बोलत होता. मुलं पळवणारी टोळी असू शकते. सावध राहा. पुढे पाठवा." पाणी ग्रुपवर टाकलं, शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर टाकलं, केमला माहेरच्या ग्रुपवरही टाकलं. दोन मिनिटांत वीस जणांनी हात जोडले. बरं वाटलं, तेही लिहून ठेवते.

शनिवारी संध्याकाळी पाणी ग्रुपवर एक व्हिडिओ आला. केम स्टेशनच्या बाहेर लोक एका माणसाला मारत होते. घोंगड्या मातीत पडलेल्या. मी पूर्ण बघितला नाही. खाली कोणीतरी लिहिलं होतं, ताईंनी सांगितलेला तोच हा.

मी कोणाला मारा म्हटलं नव्हतं. सावध राहा म्हटलं होतं. केम इथून रेल्वेनं दीड-दोन तास, तिथं कोण काय करतं ह्याला मी काय करणार?

रविवार, २६ जानेवारी

झेंडावंदनाहून आलो तर ह्यांच्या फोनवर आईचा फोन. आई केमला माझा धाकटा भाऊ अभिमन्यूकडे असते. तिचा सूर नेहमीचा नव्हता. म्हणाली, अभी लई गप झालाय, आठ दिवस झाले, नीट जेवत न्हाय. उजव्या हाताला पट्टी बांधली आहे, विचारलं तर मोटारीच्या पट्ट्यात सापडला म्हणतो. "तू एकदा बोल त्याच्यासंगं. तुजंच आयकतो त्यो."

रुसला असणार. त्या शनिवारी त्याचे चार फोन येऊन गेले होते, मी व्हिडिओ बघून फोन उलटा ठेवला होता. नंतर केलाच नाही. लहानपणापासून तसाच आहे, मी लक्ष दिलं नाही की जेवण सोडतो. आईला म्हटलं, एक महिना होऊ दे, मग मी स्वतः येऊन समजूत काढते.

बुधवार, २९ जानेवारी

जमतंय. काल दुपारी ऋतुजाबरोबर बसून पाढे घेतले, नंतर दोघी गच्चीवर बसलो. केस विंचरले तिचे. तिच्या डाव्या कानामागे तीळ आहे, हे मला माहीत नव्हतं.

आज संध्याकाळी समोरच्या दानेश्वरीवहिनींकडे हळदीकुंकू. मोबाइल नसल्यामुळं मी सगळ्यांचे चेहरे बघत बसले होते. वहिनींनी वाण देताना माझा हात धरला आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "हिच्यामुळं कळलं की. नाहीतर कुणाचं पोर गेलं असतं, देवालाच ठाऊक." बायकांनी माना हलवल्या. एकीनं माझ्या डोक्यावरून बोटं मोडली.

मी वाण पिशवीत ठेवलं. तिळगूळ तोंडात होता.

शुक्रवार, ३१ जानेवारी

आज ऋतुजाच्या शर्टाला बटण लावत होते. ती आपणहून म्हणाली, "आई, तू आजोबांना थँक्यू पण नाही म्हटलीस."

कशाबद्दल, म्हटलं.

मग तिनं सांगितलं. सगळी मुलं गेली, मी आले नाही, म्हणून ती रस्ता ओलांडून कोपऱ्यापर्यंत बघायला निघाली होती. ट्रक येत होता. त्या माणसानं हाक मारून तिला मागं घेतलं आणि म्हणाला, आई येईस्तोवर हितनं हलायचं न्हाय, मी हाय हितं. ती घाबरली होती म्हणून तो तिला त्याच्या मेंढ्यांची नावं सांगत होता. एका मेंढीचं नाव हरणी आहे, असं तिनं मला सांगितलं.

मी विचारलं, मग मला आधी का नाही सांगितलंस? ती म्हणाली, तू विचारलंच नाहीस.

दोन आठवडे माझ्या घरात होतं हे. एका प्रश्नाचं काम होतं.

आणि उशीर का झाला, तेही लिहायलाच हवं. मी अलीकडच्या चौकात गाडी बाजूला घेऊन उभी होते. आदल्या दिवशी मी माझा स्वतःचा फोटो टाकला होता, त्याखाली एका बाईनं खोचक लिहिलं होतं, तिला उत्तर देत होते. तीन वेळा खोडून लिहिलं. शाळा सुटल्याची घंटा मला तिथं ऐकू आली होती.

शनिवार, १ फेब्रुवारी

ह्यांच्या दुकानातली जुनी वर्तमानपत्रं आणून एकेक चाळली. वीस तारखेच्या अंकात आतल्या पानावर केमच्या मारहाणीच्या सहा ओळी. सिदू मायाप्पा, वय सत्तावन्न, राहणार सांगोल्याकडचं एक गाव. गंभीर जखमी, सोलापुरात सरकारी दवाखान्यात उपचार सुरू, अज्ञात लोकांवर गुन्हा. आज पहिल्यांदा नाव कळलं.

ह्यांना सगळं सांगितलं. म्हणाले, दवाखान्यात जाऊ नकोस. गेलीस तर नाव येईल, नाव आलं की पोलीस दारात. आपल्याला पोर आहे. "तू मोबाइल बंद केलास तेच शहाणपण केलंस. आता तो उघडूच नको. लोक विसरतात."

म्हणजे त्यांना पहिल्या दिवसापासून कळत होतं मी तो का बंद केला. मलाच ते आज कळलं.

सोमवार, ३ फेब्रुवारी

ऋतुजाला शाळेत सोडून दवाखान्यात गेले. हाडांच्या वॉर्डात शेवटून तिसरी खाट. जबड्याला तारा बांधलेल्या, उजवा हात प्लास्टरमध्ये, डोक्याला पट्टी. मी फोटोतल्या माणसाला शोधत होते, तो मला ओळखूच आला नाही. खाटेशेजारी खाली एक बाई बसली होती, त्यांची बायको. नाव बाळाबाई. वाटीत पातळ केलेली भाकरी चमच्यानं भरवायची तयारी चालली होती.

मी खोटं बोलले. पलीकडच्या वॉर्डात ओळखीचं माणूस आहे म्हटलं, आणि केळी दिली. बाई साधी, लगेच जागा करून दिली आणि आपणहून बोलायला लागली.

गड्ड्यात खपल्या नाहीत तेवढ्या घोंगड्या घेऊन ते केमकडं गेले होते. स्टेशनाबाहेर चार-पाच जणांनी अडवलं, मग पन्नास झाले. "मोबाइलात फोटू दावला. ह्यो तूच का म्हणून इचारलं. ह्यांनी व्हय म्हनलं. खोटं कशाला बोलत्याल?"

मी केळ्याच्या पिशवीची गाठ सोडत बसले होते, ती सुटत नव्हती. डावा कान गेलाय, डॉक्टर म्हणतात परत ऐकू येणार नाही. हात बसला तरी पहिल्यासारखा चालणार नाही. घोंगडी विणायला दोन हात लागतात, असं ती म्हणाली.

न सांगताच परत आले. जिन्यावर दोनदा थांबले होते.

बुधवार, ५ फेब्रुवारी

आज सांगितलं.

आधी बाळाबाईंना बाहेर व्हरांड्यात नेलं, खाटेपाशी बोलायचं धाडस नव्हतं. फोटो मी काढला, लिहिलंही मी, ती मुलगी माझी. सिदूकाकांनी तिला ट्रकखाली जाण्यापासून वाचवलं आणि मी ते विचारलंही नाही. सगळं एका दमात सांगितलं. ती मारेल असं वाटलं होतं. मारलं असतं तर बरं झालं असतं.

ती भिंतीला टेकून खाली बसली. मग म्हणाली, "परवा केळी तूच आणलीस व्हय."

मी हो म्हटलं. पाया पडायला वाकले तर तिनं पाय ओढून घेतले.

मी तिला म्हटलं की तेव्हापासून मी मोबाइल बंद करून ठेवला आहे, पंधरा दिवस झाले, हातसुद्धा लावलेला नाही. का सांगितलं कुणास ठाऊक. तिला बरं वाटेल असं वाटलं असणार.

ती म्हणाली, "तू बंद केलास, त्यानं आमाला काय मिळालं गं?"

मग तीच पुढं बोलली.

"आमच्या गावात आलाय त्यो फोटू. पोरगी सासरी हाय, तिला इचारत्यात, तुजा बाप पोरं पळवितो का. उद्या हितनं सुटलं तर ह्यांनी कुटं जायाचं? कुटल्या गावात पाय ठिवायचा?" मग माझ्या मनगटाला धरून म्हणाली, "जितं जितं धाडलास, तितं तितं धाड की आता. त्यो तसला न्हाय म्हणून. तुज्या नावानं धाड."

गुरुवार, ६ फेब्रुवारी

आधी इथं लिहून काढते, मग मोबाइलवर.

"मी अंकिता नलवडे, शुक्रवार पेठ. सोळा जानेवारीला मी एका माणसाचा फोटो पाठवला होता. त्यांचं नाव सिदू मायाप्पा. ते घोंगड्या विकतात. त्या दिवशी मी माझ्या मुलीला न्यायला उशिरा गेले. मुलगी रस्त्यावर जात होती, समोरून ट्रक येत होता. त्यांनी तिला मागं घेतलं आणि मी येईपर्यंत तिच्यापाशी थांबले. मी काही न विचारता फोटो काढला आणि खोटं लिहिलं. ते वाचून लोकांनी त्यांना मारलं. त्यांचा हात मोडला, एक कान कायमचा गेला. चूक माझी आहे. ज्यांनी तो फोटो पुढे पाठवला, त्यांनी हेही पुढे पाठवा."

डबा खाली काढला. मोबाइल चार्जिंगला लावला आणि चालू केला. अकराशेहून जास्त मेसेज. खोकल्यासारखा तो वाजतच राहिला.

अभीचे मेसेज वर आले, त्या शनिवारपासून मी ते उघडलेच नव्हते. अठरा जानेवारी, संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटं : "ताई तू टाकलेला माणूस सापडला. स्टेशनवर. पकडलाय." नंतर तोच व्हिडिओ, त्यानंच काढून त्यानंच पाठवलेला. ह्या वेळी पूर्ण बघितला. अर्ध्यावर मोबाइल दुसऱ्या कुणाच्या तरी हातात जातो आणि मग निळ्या शर्टातला एक माणूस पुढं येतो. मनगटावर राखीपौर्णिमेला मी दिलेलं घड्याळ.

मोटारीच्या पट्ट्यात हात सापडला नव्हता.

त्यानंतर चार फोन. मग "ताई फोन उचल." मग रात्री : "ताई, तो म्हणतोय मी पोरीला राखत होतो. तू खात्री केली होतीस ना?"

आणि दुसऱ्या दिवशी परत, तेवढंच. "खात्री केली होतीस ना?"

एकोणीस दिवस तो ह्या उत्तराची वाट बघत होता. मी इथं लिहिलं होतं की रुसला असणार.

फोटो जोडू की नको यात अर्धा तास गेला. जोडला नाही, तो चेहरा पुन्हा फिरायला नको. मजकूर तिन्ही ग्रुपवर टाकला. मग अभीला वेगळं लिहिलं : नाही. केली नव्हती.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

पाणी ग्रुपवर एकशे नव्वद जणांनी वाचलं. दोघांनी उत्तर दिलं. अकरा जण बाहेर पडले. पालकांच्या ग्रुपवरून मलाच काढलं. कुणी पुढे पाठवलं असेल तर मला कळलेलं नाही. तो फोटो मात्र कुठंकुठं गेला होता हे मला रोज कुणीतरी सांगत होतं.

दानेश्वरीवहिनी दारात आल्या. कशाला परत ते उकरून काढलंस, म्हणाल्या. पेठेचं नाव खराब होतं. मी म्हटलं, वहिनी, तुम्ही पाठवला होता ना तुमच्या बहिणीला अक्कलकोटला, तिला हेही पाठवा. त्या बघते म्हणाल्या आणि गेल्या.

हे पाठ फिरवून जेवले, उठले.

रविवार, ९ फेब्रुवारी

अभीचा फोन आला. एवढ्या दिवसांत त्याचा आवाज पहिल्यांदा ऐकला.

म्हणाला, "ताई, पहिला मी नव्हतो. पण मीबी मारलं. त्यो खाली पडल्यावर मारलं."

मी म्हटलं, फोटो मी दिला तुला.

"तू दिला. पण हात माजा हाय."

त्याला मी सांगितलं की उद्या मी पोलिसांत जबाब द्यायला जाणार आहे आणि मोबाइल देणार आहे. त्यात त्याचे मेसेज आहेत, व्हिडिओ आहे. हे मी त्याला न सांगता करू शकले असते, पण मला ते जमलं नसतं. मला वाटलं तो विनवणी करेल. त्यानं फक्त विचारलं की आईला कोण सांगणार. मी म्हटलं मी सांगते. तो म्हणाला, नको, मीच सांगतो, तुझ्याकडून ऐकलं तर ती तुला सोडणार नाही.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

काल जबाब झाला. मोबाइल पोलिसांनी पाकिटात घालून, मोहर लावून ठेवून घेतला. हे बरोबर आले होते. बाहेर आल्यावर माझ्या हातातली पिशवी त्यांनी घेतली.

आज सकाळी अभी तिकडच्या पोलीस ठाण्यात आपणहून हजर झाला. आईचा फोन आला ह्यांच्या मोबाइलवर. मला बोलवून घेतलं आणि म्हणाली, "एका बाईच्या दोन लेकरांनी एका माणसाला मारलं. मी आता कुणाचं तोंड बघू?" आणि ठेवला. नंतर मी तीनदा केला, उचलला नाही.

अभीला सोडतील की ठेवतील, किती दिवस, काही कळत नाही. वकील म्हणतात वेळ लागेल. चुकीचं केलं असं वाटत नाही. बरोबर केलं असंही अजून वाटत नाही.

शनिवार, १५ फेब्रुवारी

दवाखान्यात गेले. सोमवारी सिदूकाकांना घरी सोडणार आहेत. बाळाबाईंना म्हटलं, धाडलं होतं, तिन्हीकडं. कितीजणांनी वाचलं आणि कितीजण गप्प राहिले तेही सांगितलं, लपवलं नाही. माझ्या भावाचंही सांगितलं. तिनं डोळे मिटून घेतले. उघडल्यावर एवढंच विचारलं, काय लिवलं हुतंस?

मोबाइल नव्हता. पिशवीत ही डायरी होती, ती काढली.

"वाच," ती म्हणाली. "म्हंजी नुसतं माज्याफुडं नको. सगळ्यास्नी आयकू जाऊ दे."

मी खाटेच्या डाव्या बाजूला उभी होते. उभं राहूनच वाचायला लागले. मी अंकिता नलवडे, शुक्रवार पेठ. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यानं मान वळवली. दारातल्या दोन बायका आत आल्या. पलीकडचा एक जण उठून बसला, त्याच्या हातात मोबाइल होता, तो त्यानं खाली ठेवला. चूक माझी आहे, इथपर्यंत पोचले.

सिदूकाका छताकडं बघत होते. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मला वाटलं, त्यांना ऐकायचंच नाही, आणि तो त्यांचा हक्क आहे.

बाळाबाईंनी माझा दंड धरला.

"त्या कानानं त्यास्नी आयकू येत न्हाय," ती म्हणाली. "हिकडनं वाच."

मी खाटेला वळसा घालून उजव्या बाजूला गेले. त्यांच्या कानाजवळ वाकले. त्यांनी डोळे माझ्याकडं वळवले. मी पहिल्यापासून परत वाचायला सुरुवात केली.